सोनखड्याचा पंचनामा

आबा निकमांनी पाकिटावर लाख ओतली, तेव्हाच मला वाटलं की हा माणूस काही मला सून करून घेत नाही.

लाख खरी होती. पोलीस ठाण्यात जप्त केलेल्या मालाच्या पुडक्यावर लावतात तसली, लाल. सहायक फौजदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, तरी तिची कांडी घरात होती आणि ती कुठल्या खणात आहे हेही त्यांना नेमकं ठाऊक होतं. मेणबत्तीवर धरून त्यांनी चार थेंब पाडले, त्यावर जुनं पाच पैशांचं नाणं दाबलं आणि पाकीट जेवणाच्या टेबलावर मधोमध, लोणच्याच्या बरणीला टेकवून उभं केलं.

"ह्यात कुणाचं नाव हाय ते एकट्या तुम्हाला ठाऊक," ते म्हणाले. "खेळ संपला की मी उघडणार. मधेच गोष्ट फिरवायची न्हाई."

मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बारा वर्षं झाली या गोष्टीला. कराडला, दिवाळी होऊन गेल्यानंतरच्या एका रविवारी, दुपारी तीनच्या सुमाराला. टेबलाच्या एका बाजूला मी, समोर आबा, डाव्या हाताला काकी म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि उजव्या हाताला त्यांचा मुलगा, ज्याच्याशी मला लग्न करायचं होतं. त्याचं नाव धैर्यशील. वडिलांसमोर बसला की त्या नावाची त्याला स्वतःलाच लाज वाटत असावी, कारण तेवढा वेळ तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत असे.

पुण्यात आम्ही दोन वर्षं एकमेकांना ओळखत होतो. घरी त्याने माझ्याबद्दल सांगितलं तेव्हा आबांनी एकच विचारलं होतं, मुलगी करते काय? हा म्हणाला, गोष्टींचे खेळ रचते, एका कंपनीसाठी. "रचते?" एवढं म्हणून आबा बातम्या बघायला निघून गेले होते, आणि तो विषय त्या घरात चार महिने निघाला नव्हता. धैर्यशीलने मला साफ सांगितलं की आबांनी हो म्हटल्याशिवाय तो लग्नाला उभा राहणार नाही. आठ दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. मग माझा मलाच विचार पडला, की कुणाचं तरी तोंड पाडून त्या घरात पाऊल टाकायचं तर मलाही जमणार होतं का? नसतंच जमलं. म्हणून मीच निरोप पाठवला की मी येते आणि मी काय करते ते प्रत्यक्ष दाखवते. बाकीच्या मुली पोहे घेऊन समोर येतात. मी फासे घेऊन गेले. पोहे काकींनी केले.

पोहे खाताना आबांनी मला एकदाच नीट पाहिलं आणि म्हणाले, "स्पष्ट बोलतो. रचलेल्या गोष्टींचा मला तिटकारा हाय. रचलेल्या कागदानं माणसाचं वाटोळं होतं." काकींचा हात कोथिंबिरीच्या वाटीवर थांबला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, तीस वर्षं खोटं बोलणाऱ्यांत काढलेला माणूस आहे, असं म्हणणारच.

तर तो खेळ असा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातलं एकेक पात्र व्हायचं. मी म्हणायचं, तुमच्यापुढे नदी आहे. तुम्ही म्हणायचं, मी पोहून जातो. जमलं की नाही जमलं ते वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. मोठा आकडा पडला तर पार, लहान पडला तर गटांगळ्या. नवीन माणसांसाठी पात्रंही साधी द्यायची असतात, पहिल्या पायरीची. ना मोठी जादू, ना मोठी शस्त्रं. आबांना फौजदारच व्हायचं होतं. मी सांगितलं की पहिल्या पायरीवर फौजदार नसतो, फार तर शिपाई.

"म्हणजे परत शिपाई," ते म्हणाले आणि पात्राच्या कागदावर नावाच्या जागी त्यांनी लिहिलं: शिपाई, बक्कल नंबर ४१२. पुढे मला कळलं की तो त्यांचा खरा, भरतीच्या वेळचा नंबर होता.

काकींनी वैदीण घेतली. तिला तीन मंत्र येत होते: जखम भरण्याचा, बोटभर ज्योत पेटवण्याचा आणि मुक्या जनावराशी बोलण्याचा. धैर्यशीलने तलवारबाज घेतला, त्याचं नाव वीरसेन ठेवलं आणि आबांची नजर वर येताच ते खोडून नुसतं वीर केलं.

गोष्ट मी महिनाभर खपून तयार केली होती. डोंगरातलं सोनखडा नावाचं गाव. गावाच्या पश्चिमेला रान. त्या रानात झुडपे राहतात, म्हणजे तीन फुटी, हिरवट कातडीची, केसांच्या जागी काटक्या असलेली माणसं. गावातल्या कोंबड्या चोरणारी. त्यांनी गावात शिरू नये म्हणून रानाच्या तोंडाशी एक दीपघर बांधलेलं, आणि त्यात चाळीस वर्षं न विझलेला एक दिवा. तो दिवा सांभाळणारा म्हातारा भानजी एका पहाटे दीपघरात मरून पडलेला सापडतो. डोक्यावर घाव, दिवा विझलेला. गावचा महाजन सगळ्यांत आधी तिथे पोचतो. जवळच्या काटेरी जाळीत टिकू नावाचा झुडपा कोंबडी काखेत मारून बसलेला सापडतो, आणि गाव त्याला देवळाच्या खांबाला बांधून घालतं. खुनी कोण, ते मी चिठ्ठीवर लिहून पाकिटात घातलं होतं.

माझ्या हिशोबाने खेळाडूंनी प्रेताजवळ दोन मिनिटं थांबायचं होतं. मग पावलांचे ठसे बघत रानात जायचं, तिथे झुडप्यांची गुहा, तिच्यात नऊ सापळे, चार लढाया आणि शेवटी झुडप्यांचा राजा. त्या गुहेचा नकाशा मी चार रंगांत काढला होता.

"तर तुम्ही तिघं दीपघराच्या दारात उभे आहात," मी माझा खास आवाज लावून सांगितलं. "आत भानजीचा देह पडलाय. काय करता?"

"आत जातो," धैर्यशील म्हणाला.

"कुणी आत जायचं न्हाई," आबा म्हणाले. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि काकींना सांगून आतून आखीव ताव, कार्बन पेपर आणि टाचणी मागवली. "पंच कोण आहेत?"

मला कळेना. मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं की जिथे गुन्हा घडला तिथल्या कशालाही हात लावण्याआधी पंचनामा होतो, आणि त्याला गावातली दोन माणसं साक्षीला लागतात. मी घाईघाईने महाजन आणि एक कुंभार उभे केले. दोघांचीही बोलणी अर्थात मीच बोलायची. आबांनी तावाला समास पाडला, कार्बन घातला आणि विचारलं, "चतुःसीमा सांगा."

"म्हणजे?"

"दीपघराच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय, उत्तरेला काय, दक्षिणेला काय. हवेत हाय का तुमचं घर?"

माझ्याकडे गावाचा नकाशा होता, म्हणून अब्रू राहिली. नाहीतर तिथेच माझा पंचनामा झाला असता. मी नकाशा बघून सांगत गेले. पश्चिमेला रान, आणि दिव्याचा उजेड रानात पडावा म्हणून दीपघराची एकुलती एक खिडकी त्या बाजूला. उत्तरेला दार, जाड फळ्यांचं, रात्रभर बंद असणारं. दक्षिणेला ओढा. पूर्वेला सबंध दगडी भिंत, तिच्यापलीकडे बाजार आणि त्याच्याही पलीकडे महाजनाचं घर. आबा एकेक अक्षर कोरत होते. भिंतीची उंची झाली, दिव्याचा कोनाडा झाला, तेल सांडलंय का ते झालं. प्रेताचं डोकं कुठल्या दिशेला, डोळे मिटलेले का उघडे, अंगावरचे कपडे ओले का कोरडे. मी पहिली दहा मिनिटं कावले होते. मग माझ्या लक्षात आलं की ते विचारतायत ती प्रत्येक गोष्ट मला समोर दिसायला लागलीय. महिनाभर मी त्या गावावर काम करत होते आणि भानजीच्या पायात वहाणा होत्या की नव्हत्या हे मला कधी सुचलं नव्हतं. नव्हत्या. वहाणा दाराबाहेर काढलेल्या होत्या, कारण दिव्याजवळ तो अनवाणी जायचा. हे मी सांगितलं तेव्हा आबांनी पहिल्यांदा मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर. जाईलच."

मला इतकं बरं वाटलं, की शाळेत पहिला नंबर आला होता तेव्हाही तेवढं वाटलं नव्हतं.

चार वाजले. वीर अजून म्यानातून तलवार काढायची वाट बघत होता. त्याने हळूच विचारलं की आता रानात जायचं का. आबा म्हणाले, आधी जबाब.

"त्या बांधलेल्याला काय खायला दिलंय का कुणी?" काकींनी मधेच विचारलं.

मी म्हणाले, नसावं.

"नसावं म्हंजे? सकाळधरनं बांधलाय की. माझी वैदीण त्याला भाकरी देती. शिळी असली तर गरम करून देती." आणि त्यांनी आपल्या तीन मंत्रांच्या यादीवर बोट ठेवलं. "हा ज्योतीचा मंत्र. हितंच चूल मांडते त्याच्यापुढं."

खुनाच्या तपासात भाकरी गरम करायला मंत्र खर्च करणारी खेळाडू मी तोवर पाहिली नव्हती. पण नियम तो नियम. झुडप्यांबद्दल मी स्वतःच एक ओळ लिहून ठेवली होती, गुहेतल्या लढाईत उपयोगी पडावी म्हणून: ही जात आगीला भिते, पेटत्या ज्योतीच्या दहा हातांच्या आत येऊ शकत नाही. म्हणून मी सांगितलं की वैदिणीच्या बोटावर ज्योत पेटली मात्र, टिकू किंचाळला. दोर तुटेल की काय इतका मागे सरकला, अंग थरथरलं, डोक्यावरच्या काटक्या पाचोळ्यासारख्या वाजायला लागल्या.

काकींचा जीव कळवळला. ज्योत विझवून त्यांनी भाकरी गारच दिली आणि वर त्याची माफी मागितली. आबांचं पेन मात्र थांबलं होतं.

"हे सगळ्यांचंच असं असतं? का ह्या एकट्याचं?"

"सगळ्यांचं," मी म्हणाले.

"आणि दिवा चाळीस वर्षं पेटता होता."

"हो."

"मग पेटत्या दिव्याशेजारी जाऊन ह्यानं म्हाताऱ्याच्या डोक्यात घातलं कसं?"

महिनाभर मी त्या दोन गोष्टी एकाच वहीत, एकाच शाईने लिहिल्या होत्या आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. मी काहीतरी पुटपुटले, की कदाचित दिवा आधी विझला असेल. कुणी विझवला, आबांनी विचारलं. कोंबडीचं काय, असं धैर्यशीलने मला वाचवायला विचारलं. आबा म्हणाले, कोंबडी चोरली हा गुन्हा वेगळा, त्याचा कागद वेगळा.

मग त्यांनी महाजनाला बोलावलं. म्हणजे मलाच. खुर्ची माझ्याकडे वळवून बसले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "महाजन, तुम्ही गावचे मोठे. तुम्हाला त्रास देत न्हाई. फक्त पहाटे तुम्हाला कसं समजलं तेवढं परत सांगा."

हे वाक्य माझ्याकडे चौकटीत छापलेलं होतं, मोठ्याने वाचून दाखवायचं. मी वाचलं: "पहाटे उठून ओसरीवर आलो, बघतो तर दीपघराचा दिवा विझलेला. तसाच धावत सुटलो."

"ओसरीवरनं दिसलं?"

"हो."

आबांनी पंचनामा माझ्यापुढे सरकवला आणि बोट ठेवलं. पूर्वेस सबंध दगडी भिंत, तिला खिडकी अगर झरोका नाही. तिच्यापलीकडे बाजार, त्यापलीकडे महाजन यांचे राहते घर. खाली पंच म्हणून महाजनाची सही मीच ठोकलेली होती, मोठी वळणदार.

"उजेड सगळा रानाच्या बाजूला पडतो," आबा म्हणाले. "तुमच्या ओसरीवरनं दिवा पेटला काय आन विझला काय, कळायचा मार्ग न्हाई. विझला हे तुम्हाला ठाऊक होतं, कारण विझला तेव्हा तुम्ही आत होता."

काकींनी पदर तोंडाला लावला. धैर्यशील खुर्चीच्या टोकावर आला होता. त्याचा अंगठा फरशीवर स्वस्थ होता. खरं सांगते, इतका सुंदर तपास मी माझ्या कुठल्याही खेळात कुणाला करताना पाहिला नव्हता. माझ्याच गावात, माझ्याच नकाशावर खुनी माझ्यासमोर उभा होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

कारण पाकिटात दुसरंच नाव होतं.

तो एक क्षण मला अजून आठवतो. मी म्हणू शकले असते की वा, बरोबर ओळखलंत. आणि पाकीट उचलून पर्समध्ये टाकू शकले असते. आबा खूश होते. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की हो म्हणायला दहा मिनिटंही लागली नसती. मी पाकिटाकडे बघितलं. पाच पैशांचा छाप त्यावर स्पष्ट उमटला होता.

"उघडा," मी म्हणाले. "पण तुम्ही म्हणताय ते त्यात नाहीये."

आबांनी सुरीने लाख काढली, चिठ्ठी उलगडली आणि वाचली. टिकू. मग ती पालथी करून मागे काही लिहिलंय का ते बघितलं.

"महाजनानं केलं हे तुमच्याच नकाशावरनं निघतंय," ते म्हणाले. "मग ह्याचं नाव का?"

मला बहाणे पुष्कळ येतात, धंदाच आहे माझा. पण त्या वेळी एकही जवळ आला नाही. मी म्हणाले, "कारण तो गावाबाहेरचा होता. सगळे त्याच्याचकडे बोट दाखवणार, मग तोच असला की गोष्ट सोपी जाते. मी बाकीचं तपासलंच नाही, काका. गुहा रंगवत बसले. माझं चुकलं."

आबा उठले आणि आत गेले.

धैर्यशीलने डोळे मिटून घेतले. मी फासे गोळा करायला लागले. पुण्याची शेवटची गाडी किती वाजता असते ते आठवत होते, आणि खोटं कशाला सांगू, रडूही येत होतं. काकी मात्र जागच्या हलल्या नाहीत. "बस गं," त्या म्हणाल्या. "पाणी प्यायला गेल्यात. येतील."

ते आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. खुर्चीत बसले आणि माझ्याकडे न बघता, टेबलाकडे बघत बोलले.

त्यांना नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एका गावात शेतावर राखणीला असलेला एक म्हातारा मारला गेला. आबा हवालदारांबरोबर गेले. उन्हाळा होता. गावच्या पुढाऱ्याने त्यांना ओसरीवर बसवलं, सरबत दिलं आणि सांगितलं की गावाबाहेर पालं पडलीत, त्यांतल्या हिरामणचं काम आहे हे. आबांचं अक्षर चांगलं, म्हणून कागद त्यांनी लिहिला. शेत तिथून कोसभर लांब होतं.

"मी गेलोच न्हाई तिथं," आबा म्हणाले. "ओसरीवर बसून चतुःसीमा लिहिली. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, पुढारी सांगत होता आन मी लिहीत होतो. पंचांच्या सह्या पण तिथंच. सगळा कागद रचलेला. हिरामण अकरा महिने आत होता. मग खरा माणूस दुसऱ्याच भानगडीत सापडला, तेव्हा ह्याला सोडला."

ते थांबले. काकींनी त्यांच्यापुढे पाणी सरकवलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"सोडला त्या दिवशी मी त्याला पालापर्यंत पोचवायला गेलो. कुणी सांगितलं नव्हतं, मीच गेलो. तो आत गेला तेव्हा त्याची लेक पाळण्यात होती, आता चालायला लागली होती. त्यानं हात पुढं केले. तिनं त्याला ओळखलं न्हाई. आईच्या मागं जाऊन लपली."

त्यानंतर चोवीस वर्षं त्यांनी जागेवर गेल्याशिवाय एक अक्षर लिहिलं नाही. त्यापायी बढती उशिरा मिळाली, वरचे लोक चिडले, पण हे त्यांनी नाही, काकींनी मला पुढे केव्हातरी सांगितलं. त्या दिवशी मला फक्त एवढं कळलं, की पोहे खाताना ज्या रचलेल्या कागदाबद्दल ते बोलले तो दुसऱ्या कुणाचा नव्हता.

मग आबांनी वीस बाजूंचा फासा उचलला आणि तळहातावर फिरवत विचारलं, "खेळ संपला का अजून हाय?"

"आहे," मी म्हणाले.

"मग शिपाई चारशे बारा त्या टिकूला सोडतो. दोर मी सोडणार, दुसऱ्या कुणी न्हाई. आन त्याला घरापर्यंत पोचवतो."

मी त्यांना रानात नेलं. नऊ सापळ्यांची गुहा तशीच बाजूला राहिली. वीरनेही तिची आठवण काढली नाही. पुढे शिपाई, मागे वैदीण, तिच्या हातात उरलेली भाकरी, मध्ये टिकू. पळसाच्या पानांनी शाकारलेली त्यांची घरं मी तिथल्या तिथे बांधली. माझ्या कागदावर त्यातलं एकही नव्हतं. एका घरासमोर वीतभर उंचीची एक झुडपी खेळत होती, डोक्यावर कोवळ्या, हिरव्या काटक्या.

"टिकूची मुलगी," मी म्हणाले. "तो तिच्यासमोर उभा राहतो आणि हात पुढे करतो."

आबांनी फासा मुठीत घट्ट धरला होता. दुपारभर त्यांनी तो बेफिकीर टाकला होता, तीन पडो की अठरा. आता मूठ उघडत नव्हती.

"किती पडावा लागंल?" त्यांनी विचारलं. "तिनं ओळखायला?"

मी हात पुढे करून त्यांच्या मुठीवर ठेवला.

"याला फासा लागत नाही, आबा," मी म्हणाले. "ओळखलं तिनं. धावत आली."

काकी उघड उघड रडत होत्या. धैर्यशील उठून खिडकीशी गेला आणि बाहेर बघत उभा राहिला. आबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला, परत काढून पुसला. मी त्यांना काकांऐवजी आबा म्हणून गेले हे माझ्याही लक्षात नव्हतं. त्यांच्या आलं असावं.

काकी चहा टाकायला उठल्या. मी चिठ्ठी घेतली आणि फाडायला लागले, तशी आबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"कागद फाडायचा न्हाई," ते म्हणाले. "चूक पुसायची पण न्हाई. तिच्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर ते लिहायचं आन शेजारी सही करायची, म्हणजे चूक कुणाची होती आन कुणी सुधारली ते दिसतं."

त्यांनी आपलं पेन टोपण काढून माझ्या हातात दिलं. मी टिकूच्या नावावर एक रेघ मारली. वर लिहिलं, महाजन. मग पेन टेकवलं आणि थांबले, कारण त्यांचं बोट सहीच्या जागेवर येऊन थांबलं होतं.

"सही कर," आबा म्हणाले. "सध्या माहेरच्याच आडनावानं कर."

मी शलाका रणदिवे अशी सही केली. अक्षर जरा वाकडं आलं. पुढे लग्न झाल्यावरही मी आडनाव तेच ठेवलं, तेव्हा धैर्यशील म्हणाला होता की आता आबांना काय सांगायचं. आबांनी ऐकलं आणि म्हणाले, बरं झालं, कागदावर खाडाखोड नको.